चिंचेनं घासलेली नाणी

नाण्यांच्या दुकानाला उभा जिना होता, म्हणून आजी खाली रिक्षातच बसून राहिल्या. त्यांचे गुडघे जिने मानत नाहीत.

"तूच जा वर. एकेकाचं वेगळं विचार. आणि डबा हातातून सोडू नकोस," असं म्हणून त्यांनी कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पिशवीत पत्र्याचा डबा, डब्यात लाल फडक्यात गुंडाळलेली सरांची नऊ नाणी.

आजी म्हणजे केडगावात मी ज्या घरी राहते त्या घरच्या. सर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचं करायला म्हणून मी किनवटकडून इथं आले. कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाईनं सांगितलं होतं की दोन महिन्यांचं काम आहे. सर संक्रांतीनंतर गेले. मी माझं सामान आवरायला घेतलं तर आजी म्हणाल्या, "आता माझं कोण करणार?" तेव्हापासून मी इथंच आहे. लेक गावाकडं माझ्या आईपाशी.

मी सातवीत शाळा सोडली. त्यानंतर जिथं जिथं राहिले तिथं आतून कडी लावता येईल अशी खोली मला मिळाली नव्हती. इथं मिळाली. आजी माझ्या लेकीला फोनवरून पाढे विचारतात. घरात माझा कप वेगळा नाही. हे सगळं मी रोज मनात म्हणते, कारण मला कायम वाटतं की कोणीतरी येईल आणि म्हणेल, चल, आवर तुझं. गॅस बंद केला का ते मी दोनदा बघते, दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते. चूक झाली की जागा जाते, एवढंच आजवर बघितलेलं.

नाणी विकायचं आजींनीच काढलं. सरांच्या नावानं शाळेत दर वर्षी एक बक्षीस द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. बंगळूरहून त्यांच्या मुलानं, म्हणजे दादांनी, फोनवर सांगितलं की बाबांनी सरकारी टांकसाळीतून पोस्टानं मागवलेली नाणी आहेत, थोर माणसांच्या जयंतीला, कसल्या कसल्या वर्धापनदिनाला काढलेली. नेटवर त्यांना चांगला भाव दिसतोय, आधी दाखवून तरी घ्या. म्हणून आम्ही शनिवारी सकाळी निघालो. रिक्षावाला वैतागला होता. "आज शिंगणापूरचं भाडं सोडून आलो आजी, लवकर आटपा," म्हणाला. आजी म्हणाल्या, "शनीला सांग, मास्तरीणबाईंनी अडवलं. तो घाबरेल."

वर दुकान म्हणजे एक खोली. मालक म्हातारे, चष्मा कपाळावर. समोरच्या बाकावर एक माणूस रुमालात नाणं घेऊन बसलेला.

"अहो, मोबाईलवर दहा लाख दाखवतंय," तो माणूस म्हणत होता.

"मग मोबाईलला द्या," मालक म्हणाले. "दहाचं नाणं आहे. देवीचं चित्र आहे म्हणून नमस्कार करा. मी दहा रुपये देतो, वर चहा पाजतो. दहा लाखवाल्यानं आधी फी मागितली का नाही?"

"मागितली. नोंदणीची."

"भरली?"

त्या माणसानं रुमालाला परत गाठ मारली. चहा मात्र पिऊन गेला.

मग मालकांनी माझ्याकडं हात केला. मी डबा उघडला, फडकं सोडलं. फडक्यात अक्षतांचे दोन-तीन लाल दाणे राहिले होते, ते त्यांच्या काचेवर सांडले. त्यांनी दाण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग चष्मा खाली ओढला. एकेक नाणं दोन बोटांनी कडेला धरून दिव्याखाली तिरपं केलं. डोळ्याला भिंग लावलं. नऊच्या नऊ बघितली. एकाच्या कडेला पिवळं होतं, ते नखानं खरवडून बघितलं.

"हळद?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि घासलंय कशानं?"

"चिंचेनं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ताई, पाकिटं कुठायत यांची?"

मी म्हटलं, न्हाईत.

"हे बघा." त्यांनी काचेखालून स्वतःजवळचं एक नाणं काढलं. प्लास्टिकच्या गोल डबीत, वर जाड पुठ्ठ्याची घडी. ते माझ्यासमोर धरलं तर त्यात माझा चेहरा दिसला, कपाळावरच्या टिकलीसकट. "हे टांकसाळीतून असं निघतं. आरशासारखं. याला बोट लागलं तरी गेलं. घेणारा नाण्याला पैसे देत नाही, कोणी हात लावला नाही याला पैसे देतो. तुमच्या नाण्यांवर बघा, या रेघा. केसासारख्या. चिंचेच्या शिरांनी ओढलेल्या. आता ही गेली."

"मग काय भाव?"

"सहांत चांदी आहे, तीही अर्धीच. चांदीचं वजन धरून काय ते देईन. ही तीन साध्या धातूची. यांच्यावर शंभर लिहिलंय, पण भाजीवाली घेणार नाही आणि मीही नाही." मग बहुतेक माझं तोंड बघून म्हणाले, "पाकिटात असती तरी लाखबिख नव्हते हां. पण आता आहे त्याच्या तीन-चार पट आले असते."

मी नाणी परत गुंडाळली. जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या, एकवीस.

"काय म्हणाले?" आजींनी विचारलं.

"मालक नव्हते. पुढच्या आठवड्यात बोलावलंय."

"एवढा वेळ कशाला लागला मग?"

"वाट बघत बसले."

रिक्षावाला म्हणाला, "लई वाट बघितली की." आणि गाडी सुरू केली.

ती नाणी मी घासली होती. दुसऱ्या कोणी नाही.

मी आले त्याला महिना झाला होता आणि लक्ष्मीपूजन आलं. तेव्हा आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन नंतर झालं. त्यांना माणसं आकारावरून कळायची. त्या सरांना पेज भरवत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "कपाटातली चांदीची नाणी काढ गं, पूजेला लागतात." मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात हा डबा होता. आत जाड पुठ्ठ्याची पाकिटं, पाकिटात प्लास्टिकच्या डब्या, डब्यांत ही मोठमोठी नाणी. त्यांची झाकणं निघेनात. मला वाटलं, दुकानातून आणल्यापासून कोणी उघडलीच नाहीत. आमच्या घरी चांदीचं म्हणून एकच नाणं होतं, आईच्या लग्नातलं, तेही दर दिवाळीला चिंचेनं घासून, दुधानं धुऊन मग पाटावर जायचं. बंद डबीतल्या नाण्याला कुंकू लावायचं कसं? मी भाजीच्या सुरीनं डब्यांच्या कडा कापल्या. स्वयंपाकघरात बसून चिंचेचा कोळ केला आणि नऊच्या नऊ नाणी चांगली चोळून घासली. मला त्याचा आनंद वाटत होता हे मला स्पष्ट आठवतं. या घरात आपल्याला पूजेची तयारी करू दिली, याचा.

पुठ्ठ्याची पाकिटं चांगली जाड होती. ती मी रांगोळीचे रंग उचलायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घंटागाडीत टाकलं.

सरांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. तिथून स्वयंपाकघर दिसायचं, देवघरही दिसायचं. पूजेच्या वेळी मी ताटात नाणी मांडली, दूध ओतलं, प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. आजींनी आरती सुरू केली. तेवढ्यात सरांचा डावा हात हलला. त्यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात आपटला. पुन्हा आपटला. आपटतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजी आरती म्हणता म्हणता रडायला लागल्या. "अगं, ते ताल धरतायत," म्हणाल्या. मी सरांच्या तोंडात पेढ्याचा तुकडा दिला, तो त्यांनी बाहेर काढला. आजी म्हणाल्या, गिळता येत नाहीये त्यांना, राहू दे.

पुढं सर गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजींनी ते सांगितलं. शेवटच्या दिवाळीला त्यांनी आरतीला ताल धरला. शेजारच्या बायकांना, सरांच्या विद्यार्थ्यांना, फोनवर नातेवाइकांना. किती वेळा ऐकलं असेल मी. मी चहा ठेवता ठेवता मान हलवायची, हो, धरला.

दुकानातून आल्यावर चार दिवस मी नेहमीसारखी सगळी कामं केली. आजींच्या गोळ्या, अंघोळीचं पाणी, भाजी. काही वाटत नव्हतं. फक्त भांडी घासताना हात मधेच थांबायचा आणि मला ते कठड्याचं वाजणं ऐकू यायचं. मग मी परत घासायला लागायची. नाण्यांचं मला तेवढं वाटत नव्हतं. आजींना सांगितलं तर जागा जाईल, याचं वाटत होतं. सर समोर पडून बघत होते आणि मी चोळत होते, याचं काय वाटायला हवं ते मला समजत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. आजी मेथी निवडत होत्या, मी समोर बसून लसूण सोलत होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, फोटो पाठवा नाण्यांचे. इथं एक ग्रुप आहे, त्यावर टाकतो. पुढून-मागून दोन्ही. आणि ती पाकिटं, आतलं कार्ड, सगळं सोबत ठेवा. त्यालाच भाव असतो म्हणतात."

"ठेवते," आजी म्हणाल्या. फोन बंद केला आणि मला विचारलं, "पाकिटं कुठायत गं? डब्यात आहेत ना?"

"न्हाईत."

"मग?"

"घंटागाडीत."

"कसल्या घंटागाडीत?"

मग मी सांगितलं. सुरीपासून सांगितलं. चिंच सांगितली, रांगोळी सांगितली, दुकानाचे मालक होते आणि ते काय म्हणाले तेही सांगितलं. एका दमात. आजींची बोटं मेथीची पानं खुडतच होती.

"मी तुला लाल थैलीतली सांगितली होती," त्या म्हणाल्या. "सराफानं दिलेली. लक्ष्मीच्या छापाची, दोन छोटी."

"मला थैली दिसली न्हाई. डबा दिसला."

"मला विचारायचं नाही?"

"तुम्ही सरांना भरवत होता."

मग त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं आता म्हणतील, आवर तुझं. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"ते बघत होते?"

"हो."

"कधीपासून?"

"स्वयंपाकघरात घासत होते तेव्हापासून असतील. पलंगावरून दिसतं."

आजी बाहेरच्या खोलीकडं बघत राहिल्या. पलंग आता तिथं नाही, भाड्याचा होता, परत दिला.

"म्हणजे तो ताल नव्हता," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"पेढा थुंकला त्यांनी."

"हो."

"मी म्हटलं, गिळता येत नाहीये."

"हो."

आजी हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. "चाळीस वर्षं त्या कपाटाला हात लावायचा तर मला विचारावं लागायचं. धूळ पुसू का, असं. आणि वाचा गेल्यावर बघ काय नशिबात आलं. समोर बसून चिंच चोळतायत. वर बायको म्हणतेय, बघा, कसे रंगलेत आरतीत." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "शिव्या देत असणार. मला. तुला नाही, तुला ते ओळखत तरी कुठं होते."

मग त्या उठून आत गेल्या आणि पडून राहिल्या.

मी लसूण सोलून संपवला. मेथी निवडली. मग माझी बॅग काढून कपडे भरले. चार साड्या, दोन गाऊन, लेकीचा फोटो, चार्जर. फार वेळ लागला नाही. बॅग दाराशी ठेवली आणि स्टुलावर बसले. किनवटला जायचं तर नांदेडची गाडी किती वाजता, ते आठवत बसले. आठवेना. गावाकडं गेल्यावर आईला काय सांगायचं, तेही जुळेना.

साडेचार वाजता आजी बाहेर आल्या.

"चहा का नाही टाकला?"

मी उठले. त्यांना बॅग दिसली. "हे काय?"

"आवरलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई."

"मग आगाऊपणा कशाला?" त्या खुर्चीवर बसल्या. "हे बघ, मला राग आलाय. चांगलाच आलाय. तो दोन-चार दिवस राहील, तोवर माझ्याशी बोलू नकोस. दुकानदार नव्हता म्हणून मला रिक्षात खोटं सांगितलंस, त्याचा जास्त आलाय. आता चहा टाक. आणि ती बॅग आत ने, येणारा-जाणारा अडखळेल."

मी चहा टाकला. आलं घातलं का नाही ते आठवत नाही.

संध्याकाळी दादांचा परत फोन आला, फोटोंसाठी. आजींनी स्पीकर लावला नाही, पण मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही रे, धुतलीयेत ती. पूजेला लागली होती घरात. पाकिटंही नाहीत... आता कुणी काय, घरातल्यांनी. माझे डोळे नव्हते तेव्हा... हो, चांदीच्या वजनानं जातील तेवढी जातील. एकदाच देऊ बक्षीस, दर वर्षी नको." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. का घेतलं नाही ते मी विचारलं नाही, आणि मला सुटल्यासारखंही वाटलं नाही. मी फक्त पोळ्या लाटत होते आणि एक पोळी जळली.

तीन दिवस आजी कामापुरतं बोलल्या. मीठ दे. पंखा बंद कर. सरांची गोष्ट सांगायची त्यांनी बंद केली. समोरच्या काकू आल्या होत्या, त्यांनी दिवाळीचा विषय काढला तर आजी म्हणाल्या, "असो, झालं ते," आणि त्यांना लोणच्याचं विचारायला लागल्या. मी तिथंच बसले होते. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

चौथ्या दिवशी सकाळी आजींनी डबा माझ्यापुढं ठेवला.

"जा, देऊन ये."

"मी एकटी?"

"मग काय मी जिने चढू? तो म्हणेल त्या भावाला दे. घासाघीस करू नकोस, तुला येत नाही."

मी शेअर रिक्षानं माळीवाड्यापर्यंत गेले, तिथून चालत. मालकांनी मला ओळखलं. सहा नाणी काट्यावर ठेवली, वजन लिहिलं, तीन माझ्याकडं सरकवली. मग पावतीपुस्तक काढलं. दोन कागदांच्या मधे निळा कार्बन घातला.

"विकणाऱ्याचं नाव सांगा. आधार आणलंय?"

आधार माझ्याजवळ माझंच होतं. मी म्हटलं, थांबा, आणि आजींना फोन लावला. म्हटलं, नाव कुणाचं घालायचं विचारतायत.

"तुझं घाल."

"पण नाणी सरांची आहेत."

"मग सर येणार आहेत का सही करायला? तुझं घाल. आणि माझं कुकरकडं लक्ष आहे, शिट्ट्या मोजतेय, ठेव फोन."

मालक म्हणाले, "काय म्हणतायत?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं, गावाचं नाव विचारलं. मी केडगाव सांगितलं. आधारवर किनवटकडचं होतं. त्यांनी दोन्ही बघितलं, म्हणाले, "राहायला केडगावलाच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी तेच लिहिलं. मग पेन माझ्याकडं दिलं. सही करताना मी नेहमी पूर्ण नाव लिहिते, मला त्याला वेळ लागतो. ते थांबले. पैसे मोजून दिले, खालची निळी प्रत फाडून दिली.

येताना रिक्षात मी ती प्रत उघडून बघितली. अक्षर अंधूक उठलं होतं. सहा नाणी, वजन, रक्कम, आणि विकणारी म्हणून मी. मला काही तरी वाटायला हवं होतं. शेजारच्या बाईची कोंबडी पिशवीतून मान बाहेर काढून माझ्या हाताकडं बघत होती.

आजींनी दार उघडलं. मी पैसे आणि पावती टेबलावर ठेवली, वर ती तीन नाणी. त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरून वाचली, पैसे मोजले नाहीत.

"कोथिंबीर आणलीस का?"

नव्हती आणली. मी चपला काढल्या होत्या, त्या परत घातल्या आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडं गेले.